चार्जिंगवालीचा नारळ

मिठबाव
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर आज ही वही उघडतो आहे. एवढा खंड पडला की आधी वहीची माफी मागायची, ही सवय मला कॉलेजात असल्यापासून आहे. आजही मागतो. वेळ नव्हता असं नाही. लिहायला बसलो की एकच गोष्ट लिहावी लागेल हे ठाऊक होतं, आणि ती टाळत होतो. आज तीच गोष्ट जामसंड्याच्या वाचनालयात भरल्या सभागृहापुढे बोलून आलो. उद्यापासून तिच्या दहा आवृत्त्या ऐकू येतील. म्हणून बोललो तशी, मध्ये लोक बोलले त्यासकट, उतरवून ठेवतो.

समारंभ नम्रता परबच्या निरोपाचा. जामसंड्यातलं विजेच्या गाड्यांचं शोरूम दोन वर्षं तिने एकटीने चालवलं. विक्री तीच करायची, दुरुस्तीही तीच. गावाने तिचं नाव ‘चार्जिंगवाली’ ठेवलं होतं. आता कंपनी शोरूम बंद करते आहे आणि नम्रताची बदली चाकणला झाली आहे. रिक्षा संघटना आणि वाचनालयाने मिळून सत्कार ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग अध्यक्ष रुक्मिणीताईंनी माझं नाव पुकारलं. त्याआधी कानात म्हणाल्या, “दोनच शब्द. आणि नीट.”

*

आदरणीय अध्यक्ष, या वाचनालयाला आणि माझ्या अक्षराला ज्यांनी शिस्त लावली त्या आमच्या रुक्मिणीताई मुणगेकर. पुण्याहून भल्या पहाटे निघून आपल्यासाठी इथवर आलेले प्रमुख पाहुणे, कंपनीचे विभागीय व्यवस्थापक श्री. सुशांत बोकीलसाहेब, रिक्षा संघटनेचे अध्यक्ष आणि माझे शेजारी बाबली लोके, जिच्यासाठी आज आपण रविवारची झोप सोडून जमलो ती सत्कारमूर्ती, नम्रता परब, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या व खिडकीतून डोकावणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

सुरुवातीलाच एक विनंती. साहेबांची गाडी खिडकीखाली उभी आहे आणि आतला गारवा टिकावा म्हणून तिचं इंजिन चालू आहे. डिझेलचं आहे. बंद केलं तर विजेच्या गाड्यांविषयी चार शब्द सर्वांना ऐकू येतील.

(हशा. साहेबांनी हसत ड्रायव्हरला खूण केली. इंजिन बंद झालं.)

आभारी आहे. साहेबांना मी दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला शोरूमचं उद्घाटन करायलाही ते अशाच गाडीतून आले होते. दारावर केवढा फलक होता! ‘आज धुराला निरोप.’ साहेब म्हणाले होते, २०२७ नंतर आमची कंपनी तेलावरची एकही गाडी बनवणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब गेले, आणि त्यांच्या गाडीचा धूर खाली बसायच्या आत बाबलीने मला विचारलं, “सर, खानावळीचो मालक घराकडसून डबो घेवन येता, तेच्याकडे तुमी जेवशात?”

मी कॉलेजात शिकवतो त्या भौतिकशास्त्रात या प्रश्नाचं उत्तर नाही.

आम्ही शंकेखोर आहोत असं बाहेरची माणसं म्हणतात. खोटं आहे. आम्ही फक्त विचारतो. नम्रता शोरूमच्या दारात उभी, आणि आमची रांग. पावसात शॉक बसतो का? खाऱ्या हवेत वायर गंजते का? जिथे सकाळी लाईट नाही आणि संध्याकाळी लाईट नाही, तिथे ही गाडी चार्ज कधी करायची? हा शेवटचा प्रश्न, साहेब, थट्टेचा नव्हता. बाकीचे होते. आमच्या मिठबावच्या काशीबाई समोरच बसल्या आहेत. त्यांनी विचारलं होतं, “गो चेडवा, माझ्या मोबाईलाची बॅटरी सांजेपर्यंत पुरणा नाय, आनि ह्या अख्ख्या रिक्षाची पुरतली?”

नम्रता म्हणाली, “काकी, मोबाईलार तुमी दिवसभर मुंबैच्या सुनेक बोलतास. रिक्षा तितकी बोलणा नाय.”

(काशीबाई पुढच्या रांगेतून: “आता ताच बोल सगळ्यांसमोर!”)

आणि संघटनेच्या अध्यक्षांचा आक्षेप तर फारच मूलभूत. “आवाज नाय त्या गाडयेचो उपेग काय? रस्त्यार्ली गुरां उठतली कशी?” नम्रता म्हणाली, हॉर्न आहे. बाबली म्हणाला, “हॉर्नाक आमची गुरां उठणत नाय. ती धुराक उठतत.”

या सगळ्यात एक माणूस रांगेत नव्हता. तो सरळ आत गेला आणि विजेची रिक्षा घेऊन बाहेर आला. तो मागे खांबाला टेकून उभा आहे. गुरुदास जोईल. हात वर कर, गुरुदास, साहेबांना दिसू दे. तीस वर्षं डिझेलची रिक्षा चालवली आणि ती विकून ही घेतली. मी त्याला विचारलं, का रे? मला वाटलं होतं तेलाचा भाव सांगेल. तो म्हणाला, “सर, तीस वर्सां गिऱ्हाइकांवांगडा वरडान बोललंय. आता सावकाश बोलूक गावता.”

एवढंच कारण. गाडीत बसलेल्या माणसाशी त्याला साध्या आवाजात बोलायचं होतं.

आता मला माझ्याकडे यायला हवं. ताईंनी दोन शब्द सांगितले होते, ते संपले आहेत, पण ताई, थोडं सांभाळून घ्या.

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. साहेब, तुमच्यासाठी सांगतो. एकजण देवापुढे गावाचं मागणं मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे हात वर करून म्हणतात, होय म्हाराजा. त्यात एक गंमत अशी की हात आधी वर जातो, तोंड उघडतं, आणि काय मागितलं ते मागाहून कळतं. सवयच तशी असते. गुरुदासची रिक्षा स्टँडवर आली तेव्हा गाऱ्हाणं घालणारे काका आजारी होते. सगळे मला म्हणाले, सर, तुमीच घाला.

मी घातलं. देवाची आणि गुरुदासची माफी मागून आज पुन्हा म्हणून दाखवतो. “बा देवा म्हाराजा! गुरुदासान आज जी ही वायरीची रिक्षा हाडल्यान, तिका चढण दिसल्याबरोबर झोप येवंदे!”

(मागून दोनतीन जण सवयीने: “होय म्हाराजा!” मग त्यांचे त्यांनाच हसू.)

बघितलंत? तेव्हाही असंच झालं. सगळा स्टँड ओरडला. पोट धरून हसलो आम्ही. आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा होता? गुरुदासचा. रीत म्हणून त्याने स्वतःच्याच रिक्षाच्या झोपेला होय म्हाराजा म्हटलं.

आता मला सांगा, ज्या माणसाने बावीस वर्षं मुलांना विद्युतधारा शिकवली, ज्याला पावसात शॉक बसत नाही हे माहीत होतं, का बसत नाही हेही माहीत होतं, त्याने काय करायला हवं होतं? लोक मला विचारत होते. “सर, तुमी शिकलेले, तुमी सांगा.” आणि मी काय सांगत होतो? “सांगता येत नाही.” सांगता येत होतं. फक्त सांगितलं असतं तर थट्टा संपली असती. आणि थट्टेत मी पुढे होतो.

या वर्षी फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. काशीबाईंची नात आकांक्षा वीस मिनिटं उशिरा, घामाघूम होऊन प्रयोगशाळेत आली. म्हणाली, “सर, गुरुदासकाकांची रिक्षा चढणीर बंद पडली.” मी पहिल्यांदा हसलो. हे मला लपवायचं नाही. आधी हसलो. मग घड्याळ बघितलं. तिच्या वायरी जोडायच्या वेळातली वीस मिनिटं गेली होती.

बॅटरीला गाऱ्हाणं ऐकू येत नाही, एवढं विज्ञान मला येतं. तरी त्या दिवसापासून मी गाऱ्हाण्याच्या बाजूने आणि विज्ञानाच्या बाजूने आळीपाळीने विचार करतो आहे, आणि दोन्हीकडे मीच आरोपी निघतो.

आकांक्षाला वेळेत, म्हणजे निदान वीसच मिनिटं उशिरा, कुणी पोचवलं? बाबलीने. त्याने आपली डिझेलची रिक्षा पाठीमागे आणली, एक पाय बाहेर काढून गुरुदासच्या रिक्षाच्या मागे लावला आणि ढकलत ढकलत चढण पार केली. वर पोचल्यावर म्हणाला, “धुराक निरोप दिलंत मां? घ्या आता धुराचो पाय.” असं म्हणून पोरीला आपल्या गाडीत घेतलं आणि भाडं घेतलं नाही. बाबली, हे तू कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगतो.

(बाबली मंचावरून: “सर, विषयार येवा!”)

येतो. विषयच आहे तो. गुरुदासची बॅटरी पहिल्या वर्षी एका चार्जमध्ये देवगडच्या दोन फेऱ्या करायची, आता एक करताना तिला धाप लागते. तीन वर्षांची हमी आहे. मार्चमध्ये नम्रताने बॅटरी तपासून कंपनीकडे अर्ज पाठवला. त्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. ‘बॅटरीतील दोष’ किंवा ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’. दुसरं लिहिलं की नवी बॅटरी द्यावी लागत नाही. ‘पुन्हा विचार करून भरावा’ अशा शेऱ्यासह तो अर्ज दोनदा परत आला. तिने दोनदा विचार केला आणि दोनदा तेच लिहिलं. बॅटरीतील दोष. मार्च ते ऑक्टोबर, सात महिने झाले. सप्टेंबरात बदलीचं पत्र आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मी फक्त महिने सांगितले.

दरम्यान कंपनी काय करत होती? २०२७ चं २०३० झालं. यंदा वर्तमानपत्रात आलं की ग्राहकांच्या इच्छेचा मान राखून तेलाच्या गाड्याही चालूच राहतील. दिशा तीच आहे, वेग बदलला आहे, असंही त्यात म्हटलं होतं. साहेब, आमच्या चढणीवर गाडी मागे घसरायला लागली की आम्ही त्याला वेग बदलला म्हणत नाही. आणि दिवाळीला त्याच जागेत, त्याच दारात, याच कंपनीच्या पेट्रोलच्या गाड्या येत आहेत. तो कापडी फलक उलटा करून मागच्या बाजूला रंगवायला दिला आहे. मी स्वतः पाहिला. उन्हात धरला की मागचं ‘धुराला निरोप’ अजून दिसतं.

कंपनी म्हणते, लोकांचा विश्वास नव्हता म्हणून मागे फिरलो. लोक म्हणतात, कंपनी मागे फिरणार हे आम्हाला माहीतच होतं म्हणून विश्वास ठेवला नाही. दोघंही बरोबर ठरले! दोघंही खूश! इतकं समाधानी नुकसान मी पाहिलेलं नाही. नुकसान झालं ते फक्त ज्याने विश्वास ठेवला त्याचं. तो खांबाला टेकून उभा आहे. आणि जिने खरं लिहिलं तिचं. ती शाल घेऊन बसली आहे.

शनिवारी विजेच्या शोरूमला कुलूप लागेल. मग गुरुदासचा अर्ज कुणी विचारायचा आणि कुणाला? साध्या आवाजात बोलण्यासाठी घेतलेली गाडी दारात उभी राहिली, तर तो पोट कसं भरणार, हेही आपण ‘म्हटलं होतं ना’ म्हणून हसत बघणार आहोत का?

नम्रता, तुला निरोप द्यायला मी उभा आहे आणि तुझ्याविषयी फार कमी बोललो. तू भर पावसात मिठबावला येऊन गुरुदासच्या पडवीत बसून ती बॅटरी तपासायचीस, आणि चहासुद्धा साखरेशिवाय घ्यायचीस म्हणून काशीबाई अजून नाराज आहेत. तुझ्यासारखी चार माणसं कंपनीकडे असती तर आमच्या शंका टिकल्या नसत्या, आणि मग आम्ही वेळ कसा घालवला असता? तुला चाकणला शुभेच्छा. एक मागणं आहे. तुला आत्ता दिलेला तो नारळ जरा इकडे दे.

(तिने दिला. काय होणार हे तिला कळलं नव्हतं.)

मंडळी, उभे राहा. दोन वर्षांपूर्वीचं गाऱ्हाणं मला सुधारायचं आहे. साहेब, तुम्हीही. पाहुण्यांना आम्ही बाजूला ठेवत नाही.

बा देवा म्हाराजा! आज ह्या चार्जिंगवाल्या चेडवाक जो नारळ दिलेलो आसा, तोच तुझ्याम्होरे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!

(“होय म्हाराजा!”)

ह्या मास्तरान दोन वर्सांमागे जां वाकडा मागल्यान, तां आज सगळ्यांसमक्ष मागे घेतल्यान. ता तू विसरान जा म्हाराजा!

(“होय म्हाराजा!” आता साहेबांचाही हात वर गेला. ते हसत होते.)

ह्यां चेडू जंय जायत थंय तेका खरां लिवची बुद्दी ऱ्हवंदे, आनि तां खरां वाचणारो साहेब तेका गावंदे!

(“होय म्हाराजा!” साहेब मोठ्याने म्हणाले. छान लयीत आले होते.)

आनि गुरुदासाचो जो अर्ज सात म्हयने पुण्याच्या कपाटात निजलेलो आसा, तेका जागो करून, दिवाळेच्या आदी नवी बॅटरी ह्याच साहेबांच्या हातान गुरुदासाच्या दारात येवंदे!

(“होय म्हाराजा!”)

हात खाली करू नका, साहेब. सगळ्यांनी पाहिला आहे. आमच्याकडे नारळापुढे म्हटलेलं कागदावर लिहून मागत नाहीत.

(साहेबांचा हात तसाच वर. मग टाळ्या. नम्रता टाळ्या वाजवत नव्हती.)

माझं झालं. रुक्मिणीताईंनी मला बोलू दिलं, संघटनेने बोलावलं, साहेबांनी इंजिन बंद ठेवलं आणि तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, थट्टा कुठे जास्त लागली असेल, तर तो दोष माझ्या एकट्याच्या पदरात टाका, या मंचाच्या नको. नमस्कार.

*

चहाच्या वेळी साहेब जवळ आले. घाम पुसत होते. म्हणाले, “सर, मला मालवणी तितकी कळत नाही हो.”

रुक्मिणीताई बशीत चहा ओतत म्हणाल्या, “‘होय’ तर मराठीतलंच आहे.”

साहेब बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. परत येऊन “गुरुवारपर्यंत पाठवायचं बघतो” म्हणाले. बाबली म्हणाला, “बघतंय म्हणजे काय ता आमका म्हायत आसा.” मग ते म्हणाले, “पाठवतो.” गुरुवार आल्याशिवाय मी यावर काही लिहिणार नाही.

मला वाटलं होतं नम्रता खूश होईल. ती खुर्च्या उचलत होती. म्हणाली, “भाषण छान झालं, सर. पण साहेब पुण्याला पोचले की हे आधी मला विचारतील, की तुला माहीत होतं का. तुम्ही माझा नारळ घेतलात. मला एकदा विचारायचं होतंत.”

घरी निघाल्यापासून तेच डोक्यात आहे. पहिल्या गाऱ्हाण्यात गुरुदासला विचारलं नव्हतं, दुसऱ्यात हिला. पहिलं वाईटासाठी घातलं, दुसरं चांगल्यासाठी, पण दोन्ही वेळा टाळ्या मलाच मिळाल्या. मी तिला म्हटलं, “चुकलं. साहेबांना तसं लिहून देतो, तुला काही माहीत नव्हतं म्हणून.” ती म्हणाली, “नको. अर्ज मीच भरला आहे. विचारलं तर सांगेन, होय म्हाराजा.” मग पहिल्यांदा हसली. जरा थांबून म्हणाली, “तुम्ही त्या रिक्षात कधी बसला आहात का?”

दोन वर्षांत एकदाही नाही. रोज माझ्या पेट्रोलच्या स्कूटरवरून त्या रिक्षाच्या शेजारून जातो.

गुरुदास बाहेर गाऱ्हाण्याचा तो नारळ मंचावरून आणून तांबड्या फडक्यात गुंडाळून रिक्षात पुढच्या काचेखाली बांधत होता. बॅटरी आली की फोडायचा म्हणाला. मी विचारलं, “उद्या सकाळी मला कॉलेजला सोडशील?”

त्याने गाठ घट्ट केली. “सोडतंय मां. पण चढणीपर्यंत, सर. फुडे तुमका चलूचा लागात. मी हळूहळू मागसून येतंय. बोलत जावया.”

उद्या : गुरुदासच्या रिक्षाने कॉलेज. चढण चालायची आहे, अर्धा तास लवकर निघणे.